बाकी ठीक

मी तिथे नव्हतो.
माझ्याकडे फक्त नोंदी आहेत:
किती वाजता, किती किलोबाइट, कितव्या खेपेला संपर्क तुटला.
उरलेलं तुकुम्मिंग्वाकनं मागाहून फोनवर सांगितलं,
तिच्या डॅनिशमध्ये, थांबत थांबत,
जणू शब्दाशब्दाला पैसे पडतात.

उत्तर ग्रीनलंड. साठ माणसांची वस्ती,
कुत्री त्याहून जास्त.
नोव्हेंबर, म्हणजे सूर्य गेलेला, तो फेब्रुवारीपर्यंत.
सालिक, वय अकरा, स्लेजवरून पडला
आणि भरली स्लेज त्याच्या कुशीवरून गेली.
उठला, हसला, चालत घरी आला.
जेवायच्या वेळी पांढराफटक.

दवाखान्याच्या एका खोलीत
तिनं जेल तळहातावर चोळून कोमट केलं,
यंत्राचं टोक उजव्या बरगड्यांखाली टेकवलं.
"दाबलं की दुखतं?"
"नाही," तो म्हणाला.
वडील बघत होते ना.

पडद्यावर यकृत, त्याला लागून मूत्रपिंड,
आणि सगळीकडे ती करडी, रवाळ भुकटी
जिला आम्ही आरहूसच्या ऑफिसात
गोंगाट म्हणतो.

आमचा धंदाच दाबण्याचा.
ठिपक्यांचे चौकोन पाडायचे,
शेजारी जसा तसाच हाही, असं धरून चालायचं,
जो वेगळा निघेल त्याची समजूत काढायची.
दहा खोल्यांचं सामान एका पिशवीत.
किती दाबायचं, तो आकडा मीच बसवला होता,
एका गुरुवारी, जेवणाआधी.
डोळ्याला काय कळत नाही
हे मी ठरवलं होतं.
डोळा माझा होता.

चाळीस सेकंदांत चित्र नूकला पोचलं.
डॉक्टर लिंगगॉर यांनी पाहिलं: गुळगुळीत,
नुकत्या सारवलेल्या भिंतीसारखं,
यकृत मूत्रपिंडाला बिलगलेलं, मध्ये काही नाही.
"ठीक दिसतंय," त्यांनी लिहिलं. खोडलं. मग लिहिलं,
"फारच ठीक दिसतंय. पुन्हा पाठवा. दाबू नका."

तुकुम्मिंग्वाकनं पोराच्या कुशीवरून हात उचलला.
तिला वाटलं,
तिच्या हाताबद्दलच आहे.

मग न दाबलेलं. एकच चित्र.
छपरावरच्या ताटलीत बर्फ साठत होता,
कुणाचा तरी काका झाडू घेऊन शिडीवर.
तीनदा तुटलं, तीनदा पहिल्यापासून.
एकेचाळीस मिनिटं.
माझ्या नोंदीत ती एक ओळ आहे.

तेवढ्या वेळात वडील, आलेकात्सियाक,
यंत्राच्या थांबवलेल्या पडद्यापुढे उभे राहिले.
बोट न टेकवता दाखवलं,
"हे काळं. भेग आहे ना ही?"
केसाएवढी. यकृत आणि मूत्रपिंडाच्या मधोमध.
ती म्हणाली, "डॉक्टर सांगतील."
ते म्हणाले,
"बर्फावर असं दिसलं की मी कुत्री थांबवतो."
आणि कोट चढवून बाहेर गेले,
हेलिकॉप्टर उतरतं तिथला बर्फ काढायला.
कुणी सांगितलं नव्हतं अजून.

ते आलं पहाटे.
पहाट म्हणायचं, उजाडत काहीच नाही.

आकडा मी बदलला.
फाइल आता जड झाली, लोक कुरकुरतात,
एका साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं,
एका भेगेसाठी सगळ्यांनी थांबायचं का?
मी उत्तर दिलं. बरंच लांबलं ते.

जानेवारीत तिचा निरोप आला:
"सालिक घरी. टाके दाखवत फिरतो. बाकी ठीक."

बाकी.
वजा करून रेघेखाली उरते, ती.
तिच्यात ती रात्र असेल, शिडीवरचा काका असेल,
तिचा उचललेला हात असेल.
मी ते दोन शब्द पडद्यावर मोठे करत जातो,
आणखी मोठे,
अक्षरांचे नुसते चौकोन होईपर्यंत,
काळे आणि करडे,
आणि मधली फट शोधतो.